चार बटणांची पेटी आणि पलीकडची सिस्टर

एप्रिल २००० मध्ये अमेरिकेत फ्लोरिडा आणि शेजारच्या भागात माजी सैनिकांच्या सरकारी आरोग्यसेवेने एक काम हाती घेतलं. जुनाट आजारांमुळे ज्यांची रुग्णालयाची वारी चुकत नाही असे रुग्ण निवडायचे, त्यांच्या घरी एक छोटी पेटी ठेवायची आणि त्या पेटीतून आलेली उत्तरं रोज वाचायला एक ठरलेली परिचारिका नेमायची. २००७ संपेपर्यंत हे काम देशभर पसरलं होतं आणि ३१ हजारांहून जास्त रुग्णांपर्यंत पोहोचलं होतं. परिचारिकांनी यंत्राच्या मदतीने, दुरून, घरच्या रुग्णाला सांभाळण्याचं त्या काळातलं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही. यावर लिहिणारे बहुतेक जण पेटीचं कौतुक करतात. मला परिचारिकेबद्दल लिहायचं आहे, कारण त्याच काळातले इतर प्रयोग शेजारी ठेवून वाचले की फरक कशाने पडला ते बरंचसं कळतं.

या सेवेचं पूर्ण नाव व्हेटरन्स हेल्थ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन. तिथे सगळे ‘व्हीए’च म्हणतात. दुसरं महायुद्ध आणि कोरियाचं युद्ध लढलेली पिढी २००० साली सत्तरी-ऐंशीच्या घरात होती. मधुमेह, रक्तदाब, हार्ट फेल्युअर (हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची ताकद कमी होणं), सीओपीडी (श्वासनलिका अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट विकार) हे आजार, आणि एकाच माणसाला त्यातले दोन-तीन. अनेकांच्या मनावर युद्धाचे जुने घाव होतेच. नव्वदीच्या दशकात डॉ. केनेथ कायझर यांच्या कारकिर्दीत व्हीएने रुग्णालयांतल्या खाटा मोठ्या प्रमाणावर कमी केल्या होत्या आणि बाह्यरुग्ण सेवेवर भर दिला होता. १९९९ च्या कायद्याने व्हीएवर दीर्घकालीन शुश्रूषेची जबाबदारी टाकली. त्यात रुग्णाला संस्थेत न ठेवता द्यायची सेवाही आली. म्हणजे म्हातारे वाढत होते, खाटा कमी झाल्या होत्या आणि घरी सेवा देणं भाग होतं. प्रयोग सुचला तो या कोंडीतून.

हार्ट फेल्युअरचा रुग्ण कसा बिघडतो हे वॉर्डात काम केलेल्या कोणत्याही सिस्टरला ठाऊक असतं. तो एका रात्रीत क्वचितच बिघडतो. आधी वजन वाढायला लागतं, कारण अंगात पाणी साठत असतं. मग चप्पल घट्ट होते, घोट्यावर बोट दाबलं की खड्डा पडतो. मग एका उशीच्या दोन होतात. जिना चढताना धाप लागते, शेवटी बसल्या जागी लागते, आणि मध्यरात्री अ‍ॅम्ब्युलन्स येते. या साखळीला काही दिवस, कधी एखादा आठवडा लागतो. वजन दोन-तीन दिवसांत दोन किलोंनी वाढलं तेव्हाच कोणी पाहिलं, लघवीच्या गोळीची मात्रा डॉक्टरांकडून वेळेवर बदलून घेतली, लोणचं-पापडासारखं खारट काही खाण्यात आलंय का ते विचारलं, तर अ‍ॅम्ब्युलन्सची रात्र बरेचदा टळते. अडचण एवढीच की हे दिवस रुग्ण घरी काढतो आणि पुढची तपासणी महिना-दोन महिन्यांवर असते. मधुमेहात आणि सीओपीडीत लक्षणं वेगळी असतात, पण मधला कोरा काळ तोच.

तो कोरा काळ भरून काढायचा, हे फ्लोरिडातल्या गटाने ठरवलं. या कामाची सूत्रं पॅट्रिशिया रायन यांच्याकडे होती आणि लेक सिटी या छोट्या गावातल्या केंद्रात रिटा कॉब काम पाहत होत्या. दोघीही परिचारिका. हे मुद्दाम सांगते, कारण घडण कोणी केली याचा परिणाम घडणीवर झाला आहे. यंत्र निवडण्याआधी त्यांनी विचारलं की कोणत्या रुग्णाला काय लागेल. ज्याला पाहिल्याशिवाय अंदाज येणार नाही त्याला व्हिडिओफोन, ज्याची आकडेवारी हवी त्याला मोजमापाचं उपकरण, आणि ज्याला रोजची चौकशी पुरेल त्याला साधी प्रश्नांची पेटी. पुढे बहुतांश रुग्णांना ही शेवटचीच पुरली.

तिचं नाव हेल्थ बडी. कॅलिफोर्नियातल्या हेल्थ हीरो नेटवर्क नावाच्या कंपनीने ती बनवली होती. एक छोटा पडदा, त्याखाली चार मोठी बटणं, बस्स. ती घरातल्या साध्या टेलिफोनच्या तारेला जोडायची. इंटरनेट नको, संगणक नको. रोज पडद्यावर काही प्रश्न येत. आज वजन किती भरलं? कालच्यापेक्षा धाप जास्त आहे का? पायावर सूज? गोळ्या घेतल्या? मधूनच एखादा शिकवणारा प्रश्नही असे, आणि उत्तर चुकलं तर बरोबर उत्तर सोप्या शब्दांत समजावलेलं असे. रुग्णाने बटणं दाबली की पेटी स्वतः फोन लावून उत्तरं पाठवी आणि दुसऱ्या दिवसाचे प्रश्न घेऊन येई. थरथरत्या हाताच्या, अंधुक दिसणाऱ्या, संगणकाला कधी हात न लावलेल्या माणसाला ती वापरता येत होती. आजच्या रुग्णांसाठीच्या अ‍ॅपमधले बारीक अक्षरांचे पडदे पाहिले की मला त्या चार बटणांची आठवण येते. इतकी साधी वस्तू बनवायला म्हाताऱ्या माणसाची खरी कदर लागते.

आता पलीकडची बाजू. परिचारिकेच्या संगणकावर तिच्या रुग्णांची यादी असे आणि उत्तरांनुसार रंग चढत: लाल, पिवळा, हिरवा. एकेका परिचारिकेकडे साधारण शंभर ते दीडशे रुग्ण. आकडा ऐकून धसका बसतो, पण सगळ्यांना रोज फोन करायचा नसतो. हिरव्यांवरून नजर फिरवायची, पिवळ्यांकडे थांबायचं, लाल असेल त्याला लगेच फोन. समजा एका आजोबांचं वजन परवापासून चढतंय आणि ‘पायावर सूज’ला त्यांनी ‘थोडी’ म्हटलंय. सिस्टर फोन लावते. बोलता बोलता कळतं की मुलगी आली होती, दोन दिवस बाहेरचं जेवण झालं, आणि प्रवासात सारखी लघवी नको म्हणून आजोबांनी गोळीच टाळली. पेटीने विचारलं तेव्हा ‘गोळ्या घेतल्या’ला त्यांनी ‘हो’ म्हटलं होतं, कारण इतर सगळ्या घेतल्या होत्या. खरं काय घडलं ते फोनवरच निघतं. मग ती नोंद करते, डॉक्टरांना कळवते, मात्रा बदलायची असेल तर सूचना घेऊन आजोबांना सांगते, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा आकडा सगळ्यात आधी पाहते.

या दृश्यात तीन गोष्टी गृहीत धरल्या आहेत आणि व्हीएमध्ये त्या खरोखर होत्या. पहिली म्हणजे रुग्ण आणि परिचारिका एकमेकांना ठरवून दिलेले होते. आज ही, उद्या ती असं नव्हतं. दुसरी म्हणजे तिच्यासमोर रुग्णाचा पूर्ण कागद उघडा होता, कारण व्हीएची संगणकीकृत नोंदव्यवस्था तोवर देशभर बसली होती: औषधं, तपासण्या, मागची भरती, सगळं. तिसरी सगळ्यात मोलाची. हे तिचं मुख्य काम होतं. वॉर्डाची ड्यूटी सांभाळून उरलेल्या वेळात फोन करायचे, असं तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिच्या पदाला केअर कोऑर्डिनेटर म्हणत, म्हणजे काळजीचे धागे जुळवणारी. काही ठिकाणी सामाजिक कार्यकर्तेही या पदावर होते, पण बहुतेक जणी परिचारिकाच. लेक सिटीत त्यांच्यासाठी खास प्रशिक्षण केंद्र उभं राहिलं, कारण माणसाला न पाहता, नाडी हातात न घेता त्याची अवस्था ओळखणं हे वेगळं कौशल्य आहे. श्वासाची लय, वाक्य मधेच तुटणं, नेहमी गप्पा मारणाऱ्याने आज ‘बरंय’ एवढंच म्हणणं, हे सगळं ऐकायला शिकावं लागतं.

फ्लोरिडाच्या पहिल्या टप्प्यातल्या ७९१ रुग्णांचे आकडे २००२ मध्ये आले: तातडीच्या विभागात येणं ४० टक्क्यांनी घटलं, भरती ६३ टक्क्यांनी, रुग्णालयातले दिवस ६० टक्क्यांनी. जुलै २००३ पासून डॉ. अ‍ॅडम डार्किन्स यांच्या देखरेखीखाली हे देशभर न्यायचं ठरलं. डार्किन्स मूळचे ब्रिटनमध्ये शिकलेले मेंदूशल्यविशारद. सुरुवातीला सुमारे दोन हजार रुग्ण होते, २००७ अखेर ३१,५७०. त्यातल्या १७,०२५ जणांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला: रुग्णालयातले दिवस २५ टक्क्यांनी कमी, भरती १९ टक्क्यांनी कमी. आजारानुसार पाहिलं तर हार्ट फेल्युअरमध्ये दिवस जवळपास २६ टक्क्यांनी घटले, मधुमेहात आणि सीओपीडीत वीस टक्क्यांच्या थोडे वर, आणि नैराश्यात ५६ टक्क्यांनी. नैराश्याच्या आकड्यापाशी मी बराच वेळ थांबले. वजन, साखर, रक्तदाब यांचा तिथे थेट संबंध नाही. रोज कोणीतरी विचारतंय आणि उत्तर खरोखर वाचलं जातंय, याचाच तो परिणाम असावा असं मला वाटतं. सिद्ध मात्र झालेलं नाही.

आणि ‘सिद्ध’ म्हणताना जपून बोलायला हवं. ७९१ चे ६३ टक्के असोत की १७ हजारांचे १९, दोन्हींची तुलना त्याच रुग्णांच्या आधीच्या काळाशी केलेली होती. शेजारी ठेवायला पेटी न मिळालेला गट नव्हता. इथे एक जुना चकवा आहे. ताप सगळ्यात चढलेला असताना दिलेल्या गोळीला उताराचं श्रेय मिळतं, पण चढलेला ताप बरेचदा तसाही उतरणार असतो. या कार्यक्रमात रुग्ण निवडले जात तेच मुळी नुकतीच वारंवार भरती झालेले. अशा माणसाचं पुढचं वर्ष सरासरीने जरा बरंच जातं, काहीही केलं नाही तरी. त्यामुळे १९ टक्क्यांतले किती सिस्टरच्या फोनचे आणि किती नैसर्गिक उताराचे, हे या अभ्यासातून वेगळं काढता येत नाही. कार्यक्रमावर प्रेम असणाऱ्यांनी हे आधी मान्य केलं पाहिजे. मला त्याविषयी आदर आहे, म्हणूनच हे लपवावंसं वाटत नाही.

मग परिचारिकेचा वाटा शोधायचा कुठे? मला तो दोन दुसऱ्या अभ्यासांत दिसतो.

एक म्हणजे टेली-एचएफ. २०१० च्या नोव्हेंबरमध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात हा अभ्यास आला. हार्ट फेल्युअरने नुकतेच भरती होऊन गेलेले १,६५३ रुग्ण, अमेरिकेतली ३३ केंद्रं, आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निष्पक्ष विभागणी. अर्ध्या रुग्णांनी रोज एका क्रमांकावर फोन करून ध्वनिमुद्रित आवाजाच्या प्रश्नांना बटणं दाबून उत्तरं द्यायची. केंद्रातले लोक कामाच्या दिवशी ती पाहणार. १८० दिवसांत पुन्हा भरती किंवा मृत्यू: फोनच्या गटात ५२.३ टक्के, नेहमीच्या उपचारांच्या गटात ५१.५. काहीच फरक नाही. प्रश्न जवळपास तेच होते, बटणंही तीच. पण १४ टक्के रुग्णांनी ती यंत्रणा एकदाही वापरली नाही, आणि शेवटच्या आठवड्यात आठवड्यातून निदान तीनदा फोन करणारे ५५ टक्केच उरले होते. ध्वनिमुद्रित आवाजाला रोज कळवत राहावं असं माणसाला किती दिवस वाटणार? फोन केला नाही म्हणून ज्याला चैन पडणार नाही असं कोणी पलीकडे असल्याचं रुग्णाला जाणवत नव्हतं, असा मी त्याचा अर्थ लावते.

दुसरा अभ्यास लहान आहे आणि व्हीएतलाच. आयोवा सिटीत परिचारिका-संशोधक बॉनी वेकफील्ड यांनी हार्ट फेल्युअरचे १४८ रुग्ण घेतले. घरी गेल्यावर काहींना परिचारिकेचा साधा फोन, काहींना व्हिडिओफोन, काहींना नेहमीचीच सेवा. परिचारिकेचा संपर्क असलेल्या रुग्णांना पुन्हा भरती व्हायला जास्त काळ लागला. आणि फोन की व्हिडिओ, याने फरक पडला नाही. नंतर त्यांनी संभाषणंही तपासली. साध्या फोनवर परिचारिका मोकळे प्रश्न जास्त विचारत होत्या, ‘हं’, ‘अच्छा’ असे हुंकार जास्त देत होत्या, हलकीफुलकी थट्टा करत होत्या आणि समजलं का ते पुन्हा विचारून घेत होत्या. चेहरा दिसत नाही म्हणून कान आणि शब्द जास्त काम करत होते. नवं काहीतरी महागडं विकत घेण्याआधी हे निरीक्षण खरेदी समितीसमोर ठेवावं, इतकं ते मोलाचं आहे.

पैशाचं गणित व्हीएने मांडलं होतं. या सेवेचा खर्च रुग्णामागे वर्षाला १,६०० डॉलर. घरी जाऊन द्यायच्या व्हीएच्याच प्राथमिक सेवेचा १३,१२१ आणि बाजारातल्या शुश्रूषागृहाचा सरासरी ७७,७४५. तुलना अगदी समोरासमोरची नाही, कारण शुश्रूषागृहात राहणारा माणूस आणि पेटीची बटणं दाबणारा माणूस सारखे आजारी नसतात. तरी एक गोष्ट खरी: व्हीएमध्ये भरती टळली तर वाचलेला पैसा व्हीएच्याच खिशात राहत होता. अमेरिकेतल्या बाकी व्यवस्थेत रुग्णालयाला प्रत्येक सेवेचे पैसे मिळत, आणि परिचारिकेच्या फोनचे मिळत नसत. तिथे भरती टाळणारी सिस्टर म्हणजे हिशेबाच्या वहीत निव्वळ खर्च. एकच संस्था पैसे देणारी आणि सेवाही देणारी असल्यामुळे तिचं काम मोजलं गेलं आणि टिकलं. इंग्लंडमध्येही सरकारी सेवा आहे. तिथल्या होल सिस्टिम डेमॉन्स्ट्रेटर या घरच्या रुग्णांवर दुरून लक्ष ठेवण्याच्या, ३,२३० रुग्णांच्या चाचणीत वर्षभरातले मृत्यू नेहमीच्या सेवेतल्या ८.३ टक्क्यांऐवजी ४.६ टक्के दिसले. पण रुग्णाच्या आयुष्यात चांगल्या प्रकृतीचं एक वर्ष वाढवायला सुमारे ९२ हजार पौंड पडतात असा हिशेब निघाला आणि उत्साह ओसरला. यंत्रं आणि ती सांभाळणारी व्यवस्था किती स्वस्तात उभी करता, यावर बरंच अवलंबून असतं.

महाराष्ट्रातल्या वाचकाला इथे ई-संजीवनी आठवेल. उपकेंद्रातला आरोग्य अधिकारी रुग्णाला पडद्यावर डॉक्टरांशी जोडून देतो, सल्ला मिळतो, औषध मिळतं. लांब पल्ल्याची एसटी वाचते, हे काही थोडं नाही. पण त्याची घडण सल्ल्याभोवती आहे आणि व्हीएची घडण यादीभोवती होती. रुग्णाला काही वाटलं तर तो येणार, इथून पहिली सुरू होते. रुग्णाला काही वाटण्याआधीच सिस्टरला दिसलं पाहिजे, इथून दुसरी. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक तत्त्वांतही परिचारिका येते ती रुग्ण आणि डॉक्टर यांच्यामधली सहायक आरोग्य कर्मचारी म्हणून. हार्ट फेल्युअरचे किंवा मधुमेहाचे पन्नास रुग्ण एका सिस्टरच्या नावावर लिहून द्यायचे, रोजचे दोन तास त्यांच्यासाठी राखायचे, आणि कोणत्या आकड्याला तिने कोणाला फोन करायचा हे लेखी ठरवायचं, एवढ्यासाठी नवं अ‍ॅप लागत नाही. साधा फोन आणि वजनकाटा पुरतो. वेळ मात्र द्यावा लागतो, आणि वेळ म्हणजे पद. पद मंजूर करण्यापेक्षा यंत्र विकत घेणं सोपं जातं, ही आपली जुनी सवय आहे.

व्हीएच्या परिचारिकांसमोर शेवटी एक अवघड प्रश्न उभा राहिला आणि तो आजही कोणी सोडवलेला नाही. मधुमेही माजी सैनिकांचा एक अभ्यास जुळणाऱ्या गटाशी तुलना करत चार वर्षं चालला. टाळता येण्याजोगी भरती पहिल्या अठरा महिन्यांत पेटीच्या गटात कमी होती. पुढे हा फरक विरत गेला. याची दोन उत्तरं संभवतात. रुग्ण आजार सांभाळायला शिकला, आता त्याला पेटीची गरज उरली नाही. किंवा रोजच्या त्याच प्रश्नांना तो कंटाळला आणि बटणं यांत्रिकपणे दाबायला लागला. पहिलं खरं असेल तर त्याला यादीतून मोकळं करून दुसऱ्या गरजू माणसाला ती जागा द्यायला हवी. दुसरं असेल तर प्रश्न बदलायला हवेत, कदाचित एकदा घरी जाऊन यायला हवं. दीडशेची यादी भरलेली असते आणि वॉर्डातून नुकताच घरी गेलेला कोणी जागेची वाट पाहत असतो. महिनोन्‌महिने हिरव्या दिसणाऱ्या रुग्णांपैकी कोणाचा हिरवा रंग खरा आणि कोणाचा सवयीचा, हे पडद्यावरून ठरत नाही. त्यासाठी सिस्टर त्या प्रत्येकाला फोन लावते.